लॉर्डसाहेब, आमचे हे

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या त्या घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे, आणि मी तर नाहीच. सुरुवात विद्यानं केली. विद्या नागपूरची, केमिकल इंजिनिअरिंग करणारी, माझ्याआधी वर्षभर त्या अपार्टमेंटमध्ये राहिलेली, त्यामुळे गॅस कसा पेटवायचा इथपासून माणसांना काय म्हणायचं इथपर्यंत सगळे नियम तिचे. मी आले त्या पहिल्या आठवड्यात तिनं विचारलं, "दिवसभर कुठे गायब असतेस तू?" मी म्हटलं, लायब्ररीत. "कोणाबरोबर?" मी जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं मी एका कोरीव चित्राची झेरॉक्स टाचणीनं लावली होती: उंच कॉलर, गालांवर भरघोस कल्ले, आणि समोरचा माणूस आपल्याला उशीर करतोय असा चेहरा. विद्यानं चित्र नीट न्याहाळलं. "अच्छा! म्हणजे हे तुझे *हे*!" त्या दिवसापासून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचं परराष्ट्र धोरण कित्येक वर्षं एकहाती चालवणारा तो मुत्सद्दी आमच्या घरात 'हे' झाला. तुझे हे आज खूश दिसतात. तुझ्या ह्यांना सांग, कचरा टाकायची पाळी त्यांची. मी त्यांच्या चरित्रातलं काही वाचून दाखवलं की विद्या लक्षपूर्वक ऐके. त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी एका विधवेशी लग्न केलं, हे ऐकल्यावर ती पोळी उलटायची विसरली. "सवत आहे बाप्पा तुला! आधी नाही सांगितलं तुझ्या सासरच्यांनी?"

सासर होतंच. इतिहास विभागातले माझे प्रोफेसर हे सासरेबुवा. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्यांचे विद्यार्थी अजून हयात आहेत आणि हळवे आहेत. मी बार्शीहून निघाले तेव्हा माझ्या डोक्यात दख्खनचे दुष्काळ होते. प्रोफेसरांनी माझं म्हणणं डोळे मिटून ऐकलं आणि डोळे उघडून सांगितलं, की दुष्काळ सगळेच करतात, माझ्याकडे लॉर्डसाहेबांचं पूर्वेकडचं धोरण रिकामं आहे. जागा रिकामी असते तसं धोरण रिकामं. असे ते मला मिळाले. न पाहता, न पसंत करता, वडीलधाऱ्यांनी ठरवलं म्हणून. प्रोफेसरांची एक लकब होती, ती पुढे फार कामाला आली म्हणून आत्ताच सांगते. ते लॉर्डसाहेबांबद्दल नेहमी वर्तमानकाळात बोलत. "ते घाई खपवून घेत नाहीत." "त्यांना रशियाचा भरवसा वाटत नाही." "तुमच्या अक्षरावर ते संतापले असते" असं नाही, "संतापतील". पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटावं, साहेब शेजारच्या खोलीत चहा घेतायत.

हिवाळा लागला आणि घर लहान झालं. खिडक्या रंग बसून घट्ट झालेल्या, त्या उघडत नसत. भिंतीतला वाफेचा हीटर पहाटे ठोके घालू लागे, जणू आत कुणी अडकलंय आणि बाहेर काढा म्हणतंय. फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागे. मग एकीनं झारा आणि दुसरीनं टॉवेल, अशी आमची रोजची कवायत. तूरडाळ पिट्सबर्गहून कुणाची गाडी आली तर, नाहीतर सुपासाठी मिळणारे पिवळे वाटाणे आम्ही डाळ समजून शिजवायचो आणि ते शिजायला नकार द्यायचे. अमेरिकन लोक सकाळी दुधात घालून खातात त्या कुरमुरीत तांदळाचा चिवडा व्हायचा, आणि तो खरंच चांगला व्हायचा. अमेरिकेबद्दल त्या वर्षी माझं एवढंच निर्विवाद चांगलं मत होतं. सकाळी कॅम्पसच्या बसनं लायब्ररीत जायचं. तिथं तळघरात, पुस्तकांच्या लोखंडी कपाटांमध्ये, मला एक टेबल दिलेलं होतं. खिडकी नाही. वर बर्फ पडतोय की थांबलाय हे माणसांच्या बुटांवरून ओळखायचं. तिथं मी आणि हे. माझ्या वर्गातल्या मुली पुण्यामुंबईत संसाराला लागल्या होत्या आणि तक्रार करायच्या, की हे दिवसभर बाहेर असतात. माझे हे दिवसभर समोर असत.

मी कशात अडकले होते, ती गोष्ट सरळ सांगते. माझी असिस्टंटशिप एकेका वर्षाची होती. दर वसंतात प्रोफेसरांनी एका कागदावर सही करायची, मग पुढचं वर्ष. सही नाही तर पगार नाही, पगार नाही तर व्हिसा नाही. आणि व्हिसा नाही तर क्लिव्हलंड. क्लिव्हलंडला एक मुलगा होता. तो चांगला असावा. त्याच्याविरुद्ध मला आजही काही म्हणायचं नाही, कारण मी त्याला कधी पाहिलंच नाही. त्याची आई सोलापूरची, आमच्या लांबच्या नात्यातली. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, बार्शीच्या शाळेत हेडमास्तर. त्यांनी मला निरोप देताना म्हटलं होतं, "शिकायला जमतंय तोवर मी कुणाचं ऐकणार नाही. नाही जमलं, तर मात्र तू माझं ऐकायचं." हा करार दोघांच्या दृष्टीनं न्याय्य होता. फक्त तो प्रोफेसरांच्या लेखणीवर टांगलेला होता.

आणि लेखणी अडली होती. कारण अफगाणिस्तान. त्या वर्षांत टीव्हीवर रोज काबूल दिसे, रशियन रणगाडे दिसत, आणि वॉशिंग्टनच्या लोकांना अचानक इतिहासाची भूक लागली होती. प्रोफेसरांना तिकडे व्याख्यानाचं बोलावणं होतं. विषय: खंबीरपणा. लॉर्डसाहेबांनी रशियाला खंबीरपणे कसं रोखलं, आणि आजच्यांनी त्यातून काय घ्यावं. त्यासाठी माझ्या प्रबंधातलं काबूलचं प्रकरण त्यांना हवं होतं. मी ते लिहिलं. त्यात मी एवढंच म्हटलं, की साहेबांच्या काळात काबूलहून इंग्रजांच्या वकिलानं, म्हणजे दूतानं, पाठवलेली पत्रं पार्लमेंटपुढे छापून ठेवताना त्यातली वाक्यं कापली गेली होती. तिथला राजा, म्हणजे अमीर, आपला मित्र व्हायला तयार आहे, असं सांगणारी वाक्यं गळली. उरलेल्या मजकुरातून अमीर शत्रू दिसला, आणि फौज निघाली. हे काही मी शोधलेलं नव्हतं, त्याचा बोभाटा शंभर वर्षांपूर्वीच झालेला. कापणारा हात नेमका कुणाचा, यावर विद्वान अजून भांडतात, तेही मी लिहिलं. प्रोफेसरांनी त्या परिच्छेदावर आडवी लाल रेघ मारली. "हा तपशील आहे," ते म्हणाले. "प्रकरणाच्या कण्यात तपशील नको." मी म्हटलं, फौज गेली ती या तपशिलामुळेच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "पुढच्या वर्षाचं आपण सावकाश बघू."

सावकाश हा शब्द मी तेव्हापासून घाबरून वापरते.

आता फोन. आमच्या खालच्या मजल्यावर चार मराठी मुलं राहत. त्यातल्या प्रमोदला एकच कला अवगत होती: आवाज बदलून फोन करणं. "हॅलो, मी मुलीचा बाप बोलतोय, मुलगी आहे का?" असं तो खर्जात म्हणे आणि आम्ही त्याला यथायोग्य शिव्या घालत असू. त्या सकाळी मी तळघरात होते. फोन वाजला, विद्यानं उचलला. पलीकडून खरखरत आवाज आला, "हॅलो, मी मुलीचा वडील बोलतोय." विद्या कुकरची शिट्टी मोजत होती. ती गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार काका! ताई घरी नाहीत. त्या ह्यांच्याकडे गेल्यात."

"कुणाकडे?"

"ह्यांच्याकडे! जावईबापूंकडे हो तुमच्या. रोजच जातात. संध्याकाळशिवाय सोडत नाहीत ते."

बराच वेळ खरखर. मग, "कोण जावई?"

"लॉर्ड आहेत! मोठं घराणं. सासरेबुवा पण इथेच असतात युनिव्हर्सिटीत, फार कडक. काहून, तुम्हाला नाही सांगितलं?"

तेवढ्यात ऑपरेटर बाई मध्ये आली, तीन मिनिटं झाल्याचं इंग्रजीत म्हणाली, आणि लाइन तुटली. विद्या सांगते, की ऑपरेटरचा आवाज ऐकल्यावर तिच्या हातातला फोन थंड पडला. प्रमोदला बाईचा आवाज येत नसे.

ती मला शोधत तळघरात आली, चपलांवर. बाहेर बर्फ होता. "अगं," ती म्हणाली, "तुझे बाबा खरे होते." मी बातमी ऐकली आणि मला पहिल्यांदा जे सुचलं ते मुलीला शोभणारं नव्हतं. मला वाटलं, हे तर काबूलचं पत्र. अर्धं कापून पोहोचलेलं. आता फौज निघणार.

आमच्या घरी फोन नव्हता. नाना शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून ट्रंक कॉल लावत, म्हणजे ही बातमी दवाखान्यात बसलेल्या सर्दीखोकल्याच्या पेशंटांसह सर्वांना एकदमच कळली असणार. मी सविस्तर पत्र टाकलं, पण पत्र आपल्या गतीनं जातं. फौज आधी आली. शनिवारी सकाळी न्यू जर्सीहून आप्पाकाका आणि काकू दारात उभे राहिले.

आप्पाकाका नानांचे चुलतभाऊ. तिथल्या औषधाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. कुणाचा कुठे सत्कार करावा लागेल याचा नेम नसल्यानं त्यांच्या गाडीच्या डिकीत शाल आणि नारळ कायम तयार असे. ते डोंगरातून, बर्फातून, रात्र मोटेलात काढून आले होते आणि तो त्याग त्यांच्या ओव्हरकोटावर स्पष्ट दिसत होता. काकू त्यांच्या मागे, हातात डब्यांची पिशवी, साडीवर स्वेटर, स्वेटरवर कोट, पायांत पुरुषी बूट. काकू फारशा बोलत नसत. काका असताना तशी गरजही पडत नसे.

"बस," काका मलाच माझ्या घरात म्हणाले. "रागवायला आलेलो नाही. नानाचा फोन आला. तो काही बोललाच नाही, फक्त म्हणाला, जाऊन बघ. तेव्हा तू सरळ सांग."

"काका, तसं काही नाही."

"तसं काही नाही असं म्हणतात तेव्हा तसंच असतं. मी मंडळ चालवतो, मला सांगू नकोस. आणि हे बघ, तसं काही नसेल तर फारच उत्तम. क्लिव्हलंडचा मुलगा पुढच्या रविवारी आमच्याकडे येतोय. तू पण ये. बोलून टाकू, उन्हाळ्यात उरकून घेऊ. सही-बिही कुठे झालीये तुझी अजून?"

त्यांना सहीचं माहीत होतं. नानांनी करार सांगितला असणार.

"तेव्हा आता एकच," काका म्हणाले. "आहे कुणी, की नाही? आहे तर नाव सांग त्याचं."

इथं मला थांबायला हवं. म्हणजे तेव्हाही मी थांबलेच, तो सगळा घोटाळा तिथलाच. नाव जिभेवर होतं. ते उच्चारलं की काका ताबडतोब म्हणणार, अरे, तो तर केव्हाच मेला! हसणं होणार, काकूंचे लाडू निघणार, आणि पुढच्या रविवारी क्लिव्हलंड. नाही उच्चारलं तर खोटं बोलल्यासारखं. मी ज्यांच्याबरोबर वर्षभर बसले होते त्यांचं साऱ्या युरोपला ठाऊक असलेलं तंत्र हेच होतं: शक्य तितका वेळ कुणालाच कळू द्यायचं नाही, की आपण कुणाच्या बाजूचे. मी खाली टेबलाकडे बघत राहिले. मेणकापडावर हळदीचा डाग होता. मी तो नखानं खरवडला.

काकांचा चेहरा बदलला. आधी ते गोंधळले, मग त्यांना धक्का बसला, मग ते एकदम मऊ झाले.

"नाव घेत नाहीस," ते हळूच म्हणाले.

मी डाग खरवडत राहिले.

"अगं, नाव घेत नाही ही!" ते काकूंकडे वळले. "म्हणजे झालं तर लग्न!"

आमच्या माणसांवाचून कुणाला ही चूक करता आली नसती. साऱ्या अमेरिकेत तेव्हा असा एकही जण नसेल, जो मुलीनं एखाद्या पुरुषाचं नाव उच्चारलं नाही म्हणून ती त्याची बायको आहे असं समजेल. विद्यानं तोंडात टॉवेल कोंबला. काकांनी वर पाहिलं, आणि त्यांना भिंतीवरचं चित्र दिसलं.

"हेच?"

"हेच," विद्या टॉवेलातून म्हणाली.

काका उठून जवळ गेले. "थोराड वाटतात जरा."

"फोटो जुना आहे, काका," मी म्हटलं. त्या दिवसभरात मी एकही वाक्य खोटं बोलले नाही, हे मला नोंदवून ठेवायचंय.

"असो. झालं ते झालं. पण मुलाकडच्यांना भेटल्याशिवाय मी परत जाणार नाही. मुलीकडचं कुणी नाहीच असं नको वाटायला त्यांना. कोण आहे त्यांच्याकडचं मोठं इथं?"

"काका, इथं फक्त माझे प्रोफेसर..."

"पण ह्यांच्याबाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच असतो," विद्या म्हणाली, आणि हेही शब्दशः खरं होतं.

प्रोफेसर शनिवारी सकाळी ऑफिसात बसत, कारण घरी त्यांच्या पत्नी व्हायोलिन शिकत होत्या. काकांनी डिकीतून शाल-नारळ घेतलं. मी वाटेत दोनदा गाडी थांबवायला सांगितलं. काकांना वाटलं, मला गाडी लागते. विभागाच्या त्या लाकडी दारावर टकटक करताना मला खात्री होती, की आता एका वाक्यात सगळं संपणार: सही, व्हिसा, अब्रू, आणि बहुधा काकांची प्रकृती.

दार उघडलं. काकांनी एकही शब्द न बोलता प्रोफेसरांच्या खांद्यांवर शाल घातली आणि हातात नारळ दिला. मी प्रोफेसरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. अनेक वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो उशिरा का होईना आला, असा तो चेहरा होता. पूर्वेकडचे लोक गुरूचा मान करतात हे त्यांनी वाचलेलं असावं. आपल्यावर ती वेळ येईल याची त्यांना आशा असावी. नारळ त्यांनी तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरला आणि शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. मला ते आजही पाठ आहे, पण मराठीत आणताना त्याची प्रतिष्ठा थोडी कमी होते, त्याला माझा इलाज नाही.

"मी मुलीचा काका. तिच्या वडिलांच्या वतीनं आलोय," काका म्हणाले. "आम्हाला सगळं जरा उशिरा कळलं. पण घराणं मोठं आहे असं ऐकतो."

"फार मोठं," प्रोफेसर म्हणाले. "आयर्लंडमध्ये जमिनी आहेत. हॅम्पशरला नदीकाठी घर आहे, अतिशय देखणं."

काकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "आणि काम?"

"फॉरेन ऑफिस. उभ्यानं लिहितात, तासन्‌तास. कामाला वाघ."

"स्वभाव?"

"तापट आहेत. वेळ पाळत नाहीत, राजदूतांनासुद्धा ताटकळत ठेवतात. पण आपल्या माणसाच्या केसाला धक्का लागू देत नाहीत. एका माणसाचं घर लुटलं म्हणून आख्खं आरमार पाठवतात."

"वा!" काका म्हणाले. ते खरोखर भारावले होते. "भारताबद्दल मत काय?"

"कधी गेलेले नाहीत. पण त्यांना सतत घोर तोच. काबूलच्या बाजूनं रशिया येईल की काय."

काकांनी गंभीरपणे मान डोलावली. त्या वर्षी तो घोर सगळ्यांनाच होता.

मी एका बुटक्या खुर्चीत बसले होते. दोघेही भरभरून बोलत होते, दोघांचं एकमेकांविषयी उत्तम मत होत चाललं होतं, आणि त्या संभाषणात मला शिरायला फट नव्हती. मोठ्या देशांच्या वाटाघाटीत लहान संस्थानांचं असंच होत असावं. मी काकूंकडे पाहिलं. काकू खोलीत आल्यापासून एकाच ठिकाणी बघत होत्या. प्रोफेसरांच्या मागच्या भिंतीवर तेच चित्र होतं, मोठं, रंगीत, सोनेरी चौकटीत. चौकटीच्या तळाशी पितळी पट्टी होती. पट्टीवर जन्माचं साल होतं आणि त्याच्यापुढे आडव्या रेघेनंतर मृत्यूचं. काकूंनी ते वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाचलं. त्यांनी पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

आणि मग काका खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा मंडळाचा आवाज गेला होता. "सर," ते म्हणाले, "मुलीकडचा माणूस म्हणून एकच मागणं आहे. आमची मुलगी जरा फटकळ आहे. लहानपणापासून. काही चुकलं तर पोटात घाला. पण तिला परत पाठवू नका. परत पाठवलेल्या मुलीचं आमच्याकडे काय होतं..." ढोंगी माणूस नव्हता तो. बर्फातून आला होता तो याच्यासाठीच.

प्रोफेसर हेलावले. कुणा विद्यार्थ्याचं कुटुंब इतक्या लांबून असं काही मागायला त्यांच्याकडे कधी आलं नसणार. "परत पाठवायचं?" ते म्हणाले. "माझा तसा काही विचार नाही." त्यांनी डाव्या हातात नारळ सांभाळत उजव्या हातानं टेबलावरचा कागदांचा गठ्ठा चाळला, माझा कागद काढला, आणि आमच्या तिघांच्या देखत सही केली. मग मान वर करून म्हणाले, "ती फक्त जुळवून घेईल ना?"

"घेईल, घेईल," काका म्हणाले. "जुळवून घेशील ना गं?"

दोघे माझ्याकडे बघत होते. लाल रेघेचा परिच्छेद आम्हा दोघांनाच माहीत होता, मला आणि प्रोफेसरांना. मी "हो" म्हटलं. खोलीतल्या सगळ्यांना बरं वाटलं. प्रकरणाच्या कण्यातून ती वाक्यं मी काढली आणि लांबलचक तळटिपेत घातली, बारीक अक्षरात, जिथं ती अजून आहेत. वॉशिंग्टनच्या व्याख्यानात तळटिपा वाचत नाहीत. बार्शीत जुळवून घेणं म्हणतात ते याहून फार वेगळं नव्हतं.

घरी आल्यावर काका थकून सोफ्यावर आडवे झाले. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. पिशवीतून खण काढला, आमच्या डब्यातले तांदूळ घेतले. नारळ सासऱ्यांकडे गेल्यामुळे त्याच्या जागी संत्रं ठेवलं, आणि माझी ओटी भरली.

"किती वर्षं झाली त्यांना जाऊन?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"शंभराच्या वर."

"मग त्रास नसेल काही."

"असतो, काकू."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "माझं बी.एड. राहिलं. दोन पेपर दिले होते." एवढंच. संत्रं पदरात नीट बसवून त्या पुढे म्हणाल्या, "हे विचारतील तर मी खोटं नाही सांगणार हो. पण काळजी करू नकोस. हे मला कधी काही विचारतच नाहीत."

त्यानंतरचे आठवडे मी बर्फाखाली काढले. सही होती, म्हणून क्लिव्हलंड टळलं होतं. पण नानांचं काही येत नव्हतं. माझं पत्र पोहोचलं की नाही, कळत नव्हतं. सकाळी हीटर ठोके द्यायचा आणि मी फोनकडे बघत पडून राहायचे. पूर्वी मला कुणी अडकवलं होतं. आता मी स्वतः, एक शब्द न बोलता, आतून कडी लावली होती.

फोन आला तेव्हा मीच उचलला. खरखर. "मी नाना." मग तारेतून समुद्रासारखा आवाज. "आप्पा म्हणतो, माणसं चांगली आहेत. नाव मात्र त्याला सांगता येईना. पत्र-बित्र मिळालं नाही मला. तूच सांग. नाव काय त्यांचं?"

मी नाव घेतलं. पूर्ण, पदवीसकट.

पलीकडे हेडमास्तर होते. फळ्यासमोर उभे असल्यासारखा आवाज आला. "तो? चीनवर अफूसाठी आरमार पाठवणारा?"

"तोच."

"मेलाय ना तो?"

"हो, नाना."

त्यांनी श्वास सोडला. मग दवाखान्यात कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण नाना मोठ्यानं म्हणाले, "हो, बोलतेय ती, मजेत आहेत दोघं." मग पुन्हा माझ्याशी, खाली आवाजात: "इथं गावभर झालंय. साहेबाच्या घरात दिली म्हणून लोक पेढे मागतात. आता तू ते पुस्तक की काय ते, पुरं करूनच ये. कितीही वर्षं लागू देत. अर्धवट टाकून आलीस, तर लोक म्हणतील, नवऱ्यानं टाकली."

लाइन तुटली. ऑपरेटरचीसुद्धा वाट न बघता.

त्याला पुढे किती वर्षं लागली ते सांगत नाही. आता मी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, बेलव्ह्यूला राहते, पावसात. पुढे खरा नवरा आला. त्याचं नाव सुधीर, आणि मी त्याला दिवसातून दहा वेळा नावानं हाक मारते, बहुतेक वेळा रागानं. ती झेरॉक्स पिवळी पडून माझ्या टेबलावर आहे. भाचीची मुलगी येते, बोट लावते आणि विचारते, "हू इज ही, आजी?" मी तोंड उघडते, आणि जे इतिहासाच्या तीनशे विद्यार्थ्यांपुढे बेधडक उच्चारलं, ते नाव घरात काही केल्या बाहेर येत नाही.

"हे होय?" मी म्हणते. "हे आमचे हे."